टोर्बेल : एका डोंगरी गांवची जमीन, गुरें आणि माणसें

एखाद्या गांवाच्या जमिनीनें किती गुरें पोसावीं आणि किती माणसें बाळगावीं, हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतून सहसा कोणी विचारीत नाहीं. गुरें वाढतात, माणसें वाढतात, आणि गायरान मात्र होतें तेवढेंच राहतें. किंबहुना थोडें थोडें कमीच होत जातें. आमच्या स्वतःच्या गांवचें गायरान आमच्या लहानपणीं ओढ्यापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत पसरलेलें होतें, व श्रावणांत त्यावर गुडघाभर गवत असे. आज तेथें मुरूम उघडा पडला आहे. याचा दोष कोणा एकाच्या माथीं मारतां येत नाहीं. प्रत्येकानें आपलें एक जनावर अधिक सोडलें, एवढेंच झालें. ज्या एका लहानशा डोंगरी गांवानें हा प्रश्न पांचशें वर्षांपूर्वीं स्वतःस विचारला व त्याचें उत्तर कागदावर लिहून ठेवलें, त्या गांवाची हकीगत या लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती हकीगत सर्वस्वीं गोड नाहीं, हेंहि आरंभींच सांगून ठेवतों.

हें गांव स्वित्झर्लंड देशांत आहे व त्याचें नांव टोर्बेल. त्या देशाच्या दक्षिण भागांत व्हॅले नांवाचा प्रांत आहे. तेथील जर्मन बोलणारे लोक त्यास वालिस म्हणतात. प्रांताच्या मधून र्‍होन नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, आणि फिस्प नांवाच्या गांवापाशीं दक्षिणेकडून येणारी फिस्पा नदी तिला मिळते. या फिस्पाच्या खोऱ्यानें वर जाऊं लागलें म्हणजे श्टाल्डेन येथें खोऱ्याच्या दोन शाखा होतात. एक झास गांवांकडे जाते, व दुसरी झेरमाटकडे, म्हणजे जगप्रसिद्ध मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशीं. टोर्बेल हें श्टाल्डेनच्या वर, नदीच्या पश्चिम अंगाच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,९०० फूट उंचीवर वसलें आहे. वस्ती लहान. रॉबर्ट नेटिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें १९७० नंतर तेथें राहून गांवाचा अभ्यास केला, तेव्हां सुमारें सहाशें माणसें होतीं. आज सुमारें पांचशें आहेत. याच नेटिंगनीं त्याआधीं आफ्रिकेंत नायजेरियांतील कोफ्यार नांवाच्या डोंगरी शेतकऱ्यांचा अभ्यास केला होता. डोंगर-उतारावरचा कुणबी कोणत्याहि खंडांतला असो, त्याच्या अडचणी या गृहस्थांस चांगल्या ठाऊक होत्या. टोर्बेलवरील त्यांचा ग्रंथ १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें दिलेली बरीचशी माहिती त्यांच्याच परिश्रमाचें फळ आहे.

गांवची हद्द नदीकांठापासून, म्हणजे सुमारें २,६०० फुटांपासून, वर डोंगरमाथ्यापर्यंत जाते. तेथील ऑग्स्टबोर्डहॉर्न हें शिखर ९,७५० फुटांहून अधिक उंच आहे. सरळ अंतर मोजलें तर कांहीं मैलांचेंच. परंतु इतक्यांत तळचें ऊबदार हवामान संपून वर उघडा खडक व बर्फ लागतें. तीन गोष्टींनीं येथील शेतीचें सारें स्वरूप ठरविलें, असें नेटिंग म्हणतात : उतार, ऊन आणि पावसाची वाण. उतार इतका तीव्र कीं सपाट शेत म्हणून बहुधा नाहींच. ऊन मात्र चांगलें. म्हणूनच अशा उंचीवर धान्य पिकूं शकतें. आणि पाऊस? आल्प्स पर्वत म्हटला कीं आमच्या डोळ्यांसमोर ढग व ओलावा येतो. परंतु दोन्ही बाजूंच्या उंच रांगा ढगांना आधींच अडवितात व हें खोरें पर्जन्यछायेंत सांपडतें. श्टाल्डेनच्या परिसरांत पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठीं वीस-बावीस इंचांच्या आसपासच पाणी पडतें. माण-खटावकडील वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. सह्याद्रीनें त्यांचें केलें तेंच तेथील पर्वतांनीं टोर्बेलचें केलें आहे.

अशा जमिनीचे उंचीप्रमाणें थर पडतात. अगदीं तळाशीं द्राक्षांचे मळे, त्यावर फळझाडें व भाजीचे वाफे, मग राय नांवाच्या थंड हवेंतील धान्याचीं शेतें, त्यांच्या आसपास व वर गवताचीं राखलेलीं रानें, त्यावर देवदारासारख्या वृक्षांचें जंगल, आणि जंगलाच्याहि वर उन्हाळी कुरणें. या उन्हाळी कुरणासच तेथील भाषेंत ‘आल्प’ म्हणतात. प्रत्येक कुटुंबास थोडी द्राक्षें, थोडें धान्य, थोडें गवत, थोडें सरपण हवें. म्हणून प्रत्येकाच्या जमिनी या सर्व थरांत विखुरलेल्या असतात. एका घराचे डझनावारी तुकडे, आणि त्यांतील कित्येक आमच्याकडील एखाद्या खळ्याएवढेच. आमच्याकडे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यापासून तुकड्यांविषयीं जें कांहीं बोललें जातें तें येथें जसेंच्या तसें लावूं नये. खालचीं शेतें आधीं पिकतात, वरचीं मागाहून. त्यामुळें कापणी एकदम अंगावर येत नाहीं. एखाद्या साली थंडीनें वरचें पीक गेलें तर खालचें हातीं लागतें. एकत्र केलेला एकच मोठा तुकडा या उतारावर शेतकऱ्यास एका साली बुडवूं शकला असता.

मेहनतीबद्दल काय सांगावें! तीव्र उतारावरची माती नांगरटीनें व पाण्यानें हळूहळू शेताच्या खालच्या कडेला येऊन सांचते. ती पाट्यांत भरून पाठीवरून पुन्हां वरच्या कडेला नेऊन टाकण्याची या प्रांतांत जुनी रीत होती. शेणखतहि असेंच वाहावें लागे. सगळें गवत घरीं आणणें अशक्य, म्हणून रानोरानीं लाकडी कोठारें बांधलेलीं असत. हिंवाळ्यांत गवत गुरांकडे नेण्याऐवजीं गुरेंच एका गोठ्यांतून दुसऱ्या गोठ्यांत, गवताकडे, नेलीं जात. धान्याचीं कोठारें लांकडी खांबांवर उभीं, आणि खांब व कोठार यांच्यामध्यें जात्याच्या तळीसारखी मोठी वाटोळी दगडी चकती; उंदीर खांब चढून आला तरी चकतीच्या खालच्या अंगास उलटा लटकून पुढें जाऊं शकत नाहीं. हा उपाय कोणत्याहि औषधाहून स्वस्त आहे. रायचा पाव गांवच्या सामाईक भट्टींत वर्षांतून दोन-तीन वेळांच भाजला जाई, व तो पुढें महिनोगणती पुरे. दगडासारखा कठीण होई हें अर्थातच आलें.

पाण्याची व्यवस्था हा या गांवचा प्राण. बर्फ वितळून वाहणारे ओढे उंचावर अडवून, कड्यांच्या अंगानें खोदलेल्या पाटांतून पाणी गवताच्या रानांवर आणलेलें असतें. अशा पाटांस तेथें ‘सुओन’ म्हणतात. पाणी गवतास मिळालें नाहीं तर हिंवाळ्याची वैरण नाहीं, आणि वैरण नाहीं तर गाय नाहीं. प्रत्येक तुकड्यास पाण्याची ठरलेली पाळी असते. कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, हें वारशानें चालत आलेलें. वरच्या व्हॅलेमध्यें हे हक्क लाकडाच्या पट्ट्यांवर खुणा कोरून नोंदविण्याची चाल होती, व प्रत्येक घराण्याची खूण निराळी असे. नेटिंगनीं या व्यवस्थेची सर्व माहिती जुळवूं म्हटलें, तेव्हां एक मौज त्यांच्या लक्षांत आली : संपूर्ण व्यवस्था गांवांतील कोणालाच ठाऊक नव्हती. ज्याला त्याला आपली पाळी व आपल्या आधींच्या आणि मागाहूनच्या शेजाऱ्याची पाळी, एवढेंच माहीत. तरी सारें काम शतकानुशतकें बिनबोभाट चाललें होतें. धुळ्याकडील पांझरेवरची फड-पद्धत ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें पटकन उमजेल. तेथेंहि पाटकरी व पाळी यांवरच सारा भार असतो.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. टोर्बेलमध्यें शेतें, गवताचीं रानें, मळे, घरें हीं सर्व खाजगी मालकीचीं, आणि तीहि पक्क्या मालकीचीं. जमिनीच्या व्यवहारांचे लेखी पुरावे इ. स. १२२४ पासूनचे आहेत. परंतु उन्हाळी कुरण, जंगल, पडीत जमीन, पाण्याचे पाट आणि वाटा या पांच गोष्टी गांवच्या सामाईक. ता. १ फेब्रुवारी १४८३ रोजीं गांवकऱ्यांनीं एकत्र जमून लेख केला व कुरण, जंगल आणि पडीत यांच्या व्यवस्थेसाठीं आपली संस्था रीतसर स्थापली. त्या लेखांतील एक कलम असें कीं, बाहेरच्या मनुष्यानें टोर्बेलमध्यें जमीन विकत घेतली किंवा तो तेथें येऊन राहिला, तरी तेवढ्यानें त्यास सामाईक कुरणावर गुरें सोडण्याचा किंवा जंगलांत लाकूड तोडण्याचा हक्क मिळणार नाहीं. नव्या मनुष्यास सभासद करून घ्यावयाचें कीं नाहीं हें ज्यांच्याकडे जमीन व पाण्याचे हक्क होते त्या गांवकऱ्यांनींच ठरवावयाचें. १५०७ च्या एका यादींत सामाईक जमिनींच्या हद्दी नोंदलेल्या आहेत. आणि १५१७ सालीं तो नियम लिहिला गेला ज्यासाठीं आम्ही हा लेख लिहावयास घेतला : कोणाहि गांवकऱ्यानें हिंवाळाभर स्वतः पोसूं शकेल त्याहून अधिक गाई उन्हाळी कुरणावर पाठवूं नयेत.

हा नियम दिसावयास साधा, पण त्यांत बारीक हिशेब आहे. कुरणावर किती गवत उगवतें हें मोजणें कठीण. दरवर्षीं तें बदलतें व त्यावरून भांडण ठरलेलें. उलट हिंवाळ्यांत कोणाच्या गोठ्यांत किती गाई उभ्या होत्या हें सबंध गांवास दिसतें. हिंवाळ्याची वैरण खाजगी रानांतून येते, रानास खत त्याच गाईंचें लागतें, पाणी पाळीनें ठरलेलें असतें. म्हणजे वैरण मनास येईल तशी वाढवितां येत नाहीं. अशा रीतीनें कुरणावरील गाईंची संख्या गांवाच्या एकंदर ताकदीशीं आपोआप बांधली गेली. शिवाय वसंतांत खालच्या बाजारांतून स्वस्तांत गुरें आणावीं, गांवच्या गवतावर फुकट पोसावीं आणि शरदांत विकून टाकावीं, हा पैसेवाल्याचा धंदा या एका वाक्यानें बंद झाला. १९७६ सालीं नेटिंग लिहितात तेव्हांहि हा नियम पाळला जात होता.

अंमलबजावणीहि पाहण्यासारखी आहे. सर्व गाई एकाच वेळीं वर जावयाच्या, म्हणजे मोजणी चुकत नाहीं. नियम मोडणाऱ्यास भारी दंड, आणि तो वसूल करणाऱ्या अधिकाऱ्यानें दंडाची निम्मी रक्कम स्वतः ठेवावयाची! आमचे वाचक येथें हसतील. आम्हांसहि प्रथम हसूं आलें. परंतु विचार केला असतां दिसतें कीं यांत अधिकाऱ्याला डोळे उघडे ठेवण्याचें कारण मिळालें, आणि खोटा दंड करणें त्यास शक्य नव्हतें, कारण शेजाऱ्याच्या गोठ्यांतील गाई सर्वांनींच मोजलेल्या असत. गाई बाळगणारे सर्व गांवकरी कुरण-मंडळाचे सभासद. त्यांची वर्षाची सभा भरते, अधिकारी निवडले जातात, गुराखी व चीज करणारे नेमले जातात. जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत गाई वर असतात व त्यांच्या दुधाचें चीज वरच होतें. तें शेवटीं ज्याच्या जितक्या गाई त्या मानानें वांटून दिलें जातें. कुरणावर शेण पसरणें, हिमकड्यांनीं मोडलेल्या झोंपड्या व कुंपणें उभारणें, वाटा दुरुस्त करणें हीं कामेंहि गाईंच्या संख्येप्रमाणेंच अंगावर येतात. ज्याच्या चार गाई त्यास चीज चौपट आणि काम चौपट. जंगलाची तऱ्हा थोडी निराळी. कोणतीं झाडें तोडावयाचीं तें गांवचे अधिकारी खूण करून ठरवितात, मग घरांचे गट पाडून चिठ्ठ्या टाकतात, व ज्या गटास जीं झाडें येतील तींच त्यानें तोडावयाचीं. उतारावरचें जंगल हिमकड्यांना अडवितें. त्यावर वाटेल तशी कुऱ्हाड चालविणें म्हणजे स्वतःच्या घरावरच दगड लोटणें होय.

तर मग शेतें खाजगी व कुरण सामाईक, असें कां? गांवकरी जर जमीन खाजगी ठेवण्यास जाणत होते, तर कुरणाचेहि तुकडे पाडून मोकळे कां झाले नाहींत? या प्रश्नाला नेटिंगनीं दिलेलें उत्तर शेतकऱ्यानें मनन करण्यासारखें आहे. ज्या जमिनीचें दर एकरीं उत्पन्न थोडें. ज्या जमिनीवर वर्षांतून थोडेच दिवस, आणि तेहि भरंवशाचे नव्हेत, उपयोग होतो. जी खर्च करून फारशी सुधारत नाहीं. जी मोठ्या पसाऱ्यांतच उपयोगी पडते. आणि जिच्यावरील वाट, पाट, कुंपण हीं कामें एकट्यादुकट्याच्या आवांक्याबाहेरचीं असतात, ती जमीन सामाईक ठेवण्यांतच शहाणपणा असतो. एका वर्षीं कुरणाच्या या बाजूस बर्फ उशिरां वितळेल, दुसऱ्या वर्षीं त्या बाजूस. तुकडे पाडले असते तर प्रत्येक तुकड्याला कुंपण, प्रत्येकाला गुराखी, प्रत्येकाचें चीज वेगळें. खर्चच उत्पन्न खाऊन टाकता. याच्या उलट भाजीचा वाफा किंवा रायचें शेत. तेथें जो मेहनत करील त्याला फळ मिळालें पाहिजे, म्हणून तें खाजगी. सामाईक असणें ही जुनाट रानटी रीत आणि खाजगी असणें ही सुधारणा, असें कित्येक विद्वान सांगत आले. टोर्बेलचे शेतकरी दोन्ही रीती शेजारीं शेजारीं ठेवून होते, आणि कोणत्या जमिनीस कोणती रीत लावावी हें जमीन पाहून ठरवीत होते.

१९६८ सालीं गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें एका निबंधांत असें मांडलें कीं सामाईक कुरण शेवटीं उजाड होणारच, कारण अधिक जनावर सोडण्यांत फायदा एकाचा व नुकसान सर्वांचें. आमच्या गायरानाची गोष्ट वर सांगितलीच आहे. तेव्हां हार्डिनचें म्हणणें खोटें असें आम्हांस म्हणवणार नाहीं. परंतु तो ज्या कुरणाविषयीं बोलत होता तें कोणाचेंच नसलेलें, मोकाट कुरण होतें. टोर्बेलचें कुरण मोकाट नाहीं. त्याला धनी आहेत, हद्द आहे, मोजणी आहे आणि दंड आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें १९९० च्या आपल्या ग्रंथांत टोर्बेलचें उदाहरण पुढें ठेवून हाच भेद दाखविला, व २००९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

गुरांचा हिशेब असा बसला. पण माणसांचें काय? गाईंची संख्या बांधली कीं कुटुंबांचीहि संख्या फार वाढूं शकत नाहीं. टोर्बेलमध्यें वारसा सर्व मुलांस सारखा, मुलींसहि. आईबापांची जमीन समान वाटे करून वांटली जाते आणि कोणता वाटा कोणाचा हें चिठ्ठ्या टाकून ठरतें. घराचे मजले, गोठे, कोठारें यांचेहि भाग पडतात; एका गोठ्याच्या चतुर्थांशाचा मालक तेथें सहज आढळे. हें वाचून कोणी म्हणेल कीं दोन पिढ्यांत सारें चूर्ण होऊन जावयास हवें होतें. तसें झालें नाहीं, कारण पति आणि पत्नी दोघांचेहि वाटे विवाहानें एकत्र येत. जें एका पिढींत तुटे तें दुसऱ्या पिढींत जुळे. त्यामुळें एकाच घराण्याकडे श्रीमंती पिढ्यान् पिढ्या टिकून राहणेंहि अवघड झालें. मात्र ज्याच्या वांट्यास गवताचीं रानें अधिक त्याच्या गाई कुरणावर अधिक, हें होतेंच. सामाईक म्हणजे सर्वांस समसमान असा अर्थ तेथें कोणी केला नव्हता.

आणि खरी किंमत येथें दिली जात होती. भावंडें वयांत येईपर्यंत जमीन वांटली जात नसे, व जमिनीवांचून लग्न नसे. म्हणून विवाह उशिरां होत; स्त्रियांचे बहुधा पंचविशी उलटल्यावर, पुरुषांचे तिशीच्या सुमारास. कित्येकांचें लग्न कधींच होत नसे. अविवाहित भाऊ-बहीण भावाच्या घरांत राहून जन्मभर राबत, आणि त्यांचा वाटा पुढें पुतण्या-भाच्यांकडे जाई. मुलांमध्यें अंतर लांब असे. जे उरत त्यांस बाहेरची वाट धरावी लागे. व्हॅलेचे तरुण कित्येक शतकें परक्या राजांच्या फौजांत भाडोत्री शिपाई म्हणून जात. देवळांतील जन्म, विवाह आणि मृत्यु यांच्या नोंदींवरून नेटिंगनीं हें सर्व जुळविलें. बाहेरच्यास दार बंद, आणि घरच्यांपैकीं कित्येकांस संसार नाहीं, अशा दोन आधारांवर तो समतोल उभा होता. गांवाची व्यवस्था नीट चालली म्हणून त्या अविवाहित मावशी-काकांच्या आयुष्याचा हिशेब मिटत नाहीं.

मग बटाटा आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो या भागांत पसरूं लागला, आणि त्यानें जुन्या हिशेबाची घडी विसकटली. रायच्या शेतापेक्षां तेवढ्याच जागेंत बटाटा कितीतरी अधिक माणसें पोसतो, व डोंगरी थंड हवा त्यास मानवते. गांवची लोकसंख्या एकोणिसाव्या शतकांत वाढत गेली व जमिनीवर भार पडूं लागला. आयर्लंडमध्येंहि बटाट्यानें माणसें वाढविलीं होतीं. परंतु तेथें गरिबांचें सारें पोट एकट्या त्याच पिकावर आलें, आणि १८४५ सालीं रोग पडला तेव्हां लाखों लोक प्राणांस मुकले. टोर्बेलमध्यें बटाट्याजोडीला राय, दूध, चीज व द्राक्षें होतींच, आणि तीं विखुरलेल्या तुकड्यांत पिकत होतीं. तरी वाढलेल्या माणसांस कोठेंतरी जाणें भाग होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरच्या व्हॅलेमधून पुष्कळ कुटुंबें दक्षिण अमेरिकेंत आर्जेंटिनाकडे गेलीं व सांता फे प्रांतांत त्यांनीं नव्या वसाहती केल्या. डोंगराच्या कडेवर वीतभर शेतासाठीं माती पाठीवरून वाहणाऱ्या माणसास तेथील मैलोगणती सपाट काळी जमीन पाहून काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

१८९१ सालीं फिस्पहून झेरमाटपर्यंत रेल्वे झाली. विसाव्या शतकांत फिस्प येथें रसायनांचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि टोर्बेलचे पुरुष सकाळीं खालीं उतरून संध्याकाळीं परत येऊं लागले. पूर्वीं शेतावरून माणसांचा हिशेब होई. आतां पगार आला आणि शेत हें फावल्या वेळाचें काम झालें. रायचीं शेतें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत बहुतेक मोडलीं व त्यांचीं गवताचीं रानें झालीं. उतारावर यंत्र चालत नाहीं, आणि हातानें गवत कापणारे कमी होत गेले. मोसआल्प या उंच कुरणाकडे आतां मोटारीचा रस्ता जातो, आणि हिंवाळ्यांत तेथें बर्फावर घसरत जाण्याचा खेळ खेळण्यास लोक येतात. पूर्वजांस भीति होती ती कुरणावर गाई फार होतील याची. आज आल्प्समध्यें पुष्कळ ठिकाणीं नेमकी उलट अडचण आहे : जेथें गाई पोंचत नाहींत व विळा चालत नाहीं तेथें झुडपें माजतात, आणि थोड्या वर्षांत कुरणाचें जंगल होऊन जातें. १५१७ च्या नियमांत अधिकांत अधिक किती गाई पाठवाव्या तें सांगितलें आहे. कमींत कमी किती पाठवाव्या हें लिहून ठेवण्याची गरज तेव्हां कोणास वाटली नव्हती.

पाट मात्र राखावेच लागतात. बर्फ वितळलें कीं दरवर्षीं त्यांतील दगड-गाळ काढून, फुटलेले कांठ बांधून पाणी सोडावें लागतें. एक वर्ष हयगय झाली तर पाणी भलतीकडे फुटून खालचा उतार वाहून नेतें. २०२३ च्या डिसेंबरांत युरोपांतील सात देशांच्या अशा परंपरागत पाणीपद्धतींची नोंद युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत केली, व त्यांत स्वित्झर्लंडमधील हे पाटहि आले. नोंद झाल्यानें पाट साफ होत नाहीं. त्यासाठीं वसंतांत फावडें घेऊन वर चढणारीं माणसें लागतात, आणि पांचशें वस्तीच्या गांवांत, जेथें बहुतेकांची नोकरी खालीं खोऱ्यांत आहे, तीं दरसाल जमवावीं लागतात.